पिकअप की ऑफ-रोड गाडी? शेतकऱ्याच्या रोजच्या वापराला कोणती सोयीची

हंगाम चांगला गेला की घरात चारचाकीचा विषय निघतो. वडील म्हणतात, पिकअप घेऊ, आपला माल आपणच बाजारात नेऊ. मुलगा म्हणतो, थार किंवा बोलेरो घेऊ, शेतातही जाईल आणि पाहुण्यांकडेही जाता येईल. घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना बहुधा कोणी विचारत नाही. दवाखान्यात जाताना मागच्या सीटवर मात्र तेच बसतात.

निर्णय बऱ्याचदा शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर एक फेरी मारून होतो. गाडी रिकामी, रस्ता गुळगुळीत आणि शेजारी विक्रेता. पुढे पाच-सात वर्षे हप्ते भरायचे असतात आणि गाडी चालवायची असते ती पाणंद रस्त्यावर, कधी टनभर मालासह, कधी नुसत्या दोन माणसांसह. म्हणून या लेखात इंजिनाची ताकद किंवा दिसणे बाजूला ठेवून दोनच गोष्टींचा विचार केला आहे: गाडीत बसणाऱ्याला होणारा त्रास किंवा आराम, आणि रोजच्या कामातली सोय.

आधी वर्षाचे दिवस मोजा

कोणती गाडी आरामदायी, याचे उत्तर ती किती भरलेली धावणार यावर अवलंबून असते. त्यामुळे गाडी पाहायला जाण्यापूर्वी वही घेऊन बसा आणि वर्षभरातल्या फेऱ्या लिहून काढा.

समजा, तुमची दोन एकर टोमॅटोची लागवड आहे. तोडणी दीड-दोन महिने चालते. तीन दिवसांनी एक तोडा धरला तर बाजाराच्या १५ ते २० फेऱ्या होतात. खते, बियाणे, चारा, बांबू-तार यांच्या आणखी १५ फेऱ्या धरा. म्हणजे गाडी पूर्ण भरून धावणारे दिवस झाले साधारण ३५. उरलेल्या ३३० दिवसांत गाडी शेतावर चक्कर मारणार, मुलांना शाळेत सोडणार, तालुक्याच्या गावी जाणार, लग्नाला जाणार.

असे असेल तर ३५ दिवसांसाठी पिकअप घेऊन ३३० दिवस ती रिकामी आदळत फिरवायची, की ३३० दिवसांच्या सोयीची गाडी घेऊन ३५ दिवस भाड्याची पिकअप लावायची, हा खरा प्रश्न आहे. याउलट वर्षभर भाजीपाला करणारे, दुधाचा धंदा असणारे किंवा शेजाऱ्यांच्या मालाची भाडी मारणारे शेतकरी आठवड्यातले चार-पाच दिवस गाडी भरूनच नेतात. त्यांचे उत्तर वेगळे येईल आणि तेही बरोबरच असेल.

पिकअप रिकामी असताना का आदळते?

पिकअपच्या मागच्या चाकांवर पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. टन-दीड टन भार पेलता यावा म्हणून हे पाटे कडक ठेवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते जवळजवळ दबतच नाहीत आणि खड्ड्याचा धक्का सरळ चासीवर आणि तिथून सीटवर येतो. त्याच गाडीत पाचशे-सातशे किलो माल भरला की पाटे काम करू लागतात आणि गाडी मऊ चालते. हा गाडीतला दोष नाही, ती भारासाठीच बनवलेली असते.

थार, जिम्नी, गुरखा या ऑफ-रोड गाड्यांना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असतात. चाक खड्ड्यात लवकर उतरते आणि लवकर वर येते, त्यामुळे कमी भारातही धक्का कमी बसतो. जुन्या पद्धतीच्या बोलेरोला मागे पाटेच आहेत. दोघेच बसलेले असताना ती थोडी टणक वाटते, पाच-सात माणसे बसली की बरी चालते. बोलेरो निओला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. नाव सारखे असले तरी दोन्हींची चाल वेगळी आहे, म्हणून दोन्ही चालवून पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर. तीन दारी थारमध्ये ते २४५० मिमी आहे, बोलेरोत २६८० मिमी, तर इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉससारख्या मोठ्या डबल केबिन पिकअपमध्ये ३०९५ मिमी. अंतर कमी असले की गाडी गतिरोधकावर आणि लहान लहान उंचवट्यांवर पुढे-मागे डुलते. अंतर जास्त असले की मोठ्या रस्त्यावर ती स्थिर राहते, पण अरुंद पाणंदीत वळवायला जागा जास्त लागते आणि उंच बांध ओलांडताना पोट टेकण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरीसारख्या छोट्या मालवाहू गाड्यांत चालक जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो, त्यामुळे प्रत्येक खड्डा त्याला थेट जाणवतो. बॉनेट असलेल्या पिकअपमध्ये सीट चाकाच्या मागे असते, तिथे त्रास थोडा कमी होतो.

चौथी गोष्ट टायरमधील हवेची, आणि ही तुमच्या हातातली आहे. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीसाठी आणि रिकाम्या गाडीसाठी वेगवेगळी हवा सांगितलेली असू शकते. ती गाडीवरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत पाहा. भारासाठी भरलेली हवा तशीच ठेवून महिनाभर रिकामी गाडी चालवली तर पाठही दुखते आणि टायर मधोमध झिजतो. मात्र माल भरण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ण करायला विसरू नका. कमी हवेवर भार टाकला तर टायर तापून फुटू शकतो.

चार प्रकारांची तुलना

| बाब | सिंगल केबिन पिकअप | डबल केबिन पिकअप | बोलेरोसारखी एसयूव्ही | ऑफ-रोड गाडी |
|---|---|---|---|---|
| रिकामी असताना आराम | कमी | कमी ते मध्यम | मध्यम | मध्यम ते चांगला |
| भरलेली असताना आराम | चांगला | चांगला | चांगला | माल फार मावत नाही |
| माणसे | चालकासह २ ते ३ | ५ | ७ | बहुतेक ४ ते ५ |
| माल | सव्वा ते दोन टन | सुमारे एक टनापर्यंत, मॉडेलनुसार बराच कमी | थोडाफार | फार थोडा |
| म्हाताऱ्यांना चढ-उतार | मध्यम | उंच | बरी | तीन दारी गाडीत अवघड |
| बाजार समितीत वळवणे | मध्यम | अवघड | सोपे | सोपे |

सिंगल केबिन पिकअप ही कामाची गाडी आहे. महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त, टाटा इंट्रा या तिच्या ओळखीच्या जाती. तिच्याकडून घरच्या गाडीची अपेक्षा ठेवू नका. चार माणसांचे कुटुंब तिच्या केबिनमध्ये मावत नाही, आणि बहुतेक घरांत नेमकी इथेच चूक होते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

डबल केबिन पिकअप दोन्ही कामे करते, पण दोन्ही अर्धी-अर्धी. बोलेरो कॅम्परमध्ये पाच माणसे आणि सुमारे एक टन माल जातो, आणि तिच्यात फोर व्हील ड्राइव्हचाही पर्याय असतो. मजूर आणि माल एकाच वेळी न्यायचा असेल तर ती उपयोगी. मागची सीट मात्र बरीच सरळ असते आणि पाय पसरायला जागा कमी. व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांच्या केबिनमध्ये मोटारीसारखा आराम आहे, पण दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब आहेत, मागे पाटेच आहेत आणि किंमत कितीतरी जास्त. खासगी वापराच्या अशा पिकअपमध्ये नेण्यास मान्य असलेले वजन कामाच्या पिकअपपेक्षा खूपच कमी असू शकते. हौदा मोठा दिसतो म्हणून माल जास्त बसेल असे समजू नका, नोंदणी पुस्तकातले वजन पाहा.

बोलेरोसारखी एसयूव्ही चार मीटरच्या आतली, सात जणांना नेणारी आणि गावोगावच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी. मागच्या आडव्या सीटवर लांबचा प्रवास त्रासाचा होतो. तरी शेतावर जाणे, दवाखाना, बाजार अशा मिश्र वापरात ती सहसा अडत नाही.

ऑफ-रोड गाडी चढ-उतार, दगडधोंडे, ओढा अशा ठिकाणी सर्वांत भरवशाची. पण तीन दारी थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे रोज जमत नाही. जिम्नीला पाच दारे आहेत, पण माणसे चारच बसतात आणि मागे सामानाची जागा २०८ लिटर, म्हणजे दोन पिशव्या ठेवल्या की संपली. पाच दारी थार रॉक्स आणि पाच दारी गुरखा यांत ही अडचण बरीच कमी होते, पण गाडी लांब आणि महाग होते.

आराम मालालाही लागतो

धक्के माणसाला बसतात तसे मालालाही बसतात. टोमॅटो दबतो, द्राक्षाचे मणी गळतात, केळीवर घासल्याचे काळे डाग पडतात. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात पहाटे निघालेला तोच माल एका गाडीतून चकचकीत उतरतो आणि दुसरीतून डागाळलेला. फरक अनेकदा वाटेतला असतो.

- सर्वांत जास्त उसळी हौद्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे बसते. नाजूक माल पुढे, केबिनला लागून ठेवा. मागे कोबी, भोपळा असा टणक माल ठेवा.
- थप्पीतल्या सर्वांत वरच्या कॅरेटमधला माल जास्त उडतो. वरच्या थराला कागद किंवा पाला घाला आणि थप्पी दोरीने घट्ट आवळा.
- कॅरेट काठोकाठ भरू नका. वरचे कॅरेट खालच्या मालावर टेकले की खालचा थर दबलाच समजा.
- अर्धी भरलेली पिकअप पूर्ण भरलेल्या गाडीपेक्षा जास्त उडते. माल थोडा असेल तर वेग कमी ठेवा किंवा शेजाऱ्याचा माल सोबत घ्या.

वजनाचा हिशेबही करा. २० किलो टोमॅटोचे कॅरेट रिकाम्या कॅरेटसह सुमारे २२ किलो भरते. तेराशे किलो क्षमतेच्या गाडीत अशी ५९ कॅरेट होतात. सोबत आणखी दोन माणसे बसली तर त्यांचे १४० किलो वजा करा, राहिली ५२. ऐंशी कॅरेट भरली तर गाडी जाते हे खरे, पण पाटे तुटतात, ब्रेक उशिरा लागतो आणि कायद्याने दंड २० हजार रुपये, शिवाय जादा वजनाच्या प्रत्येक टनाला २ हजार.

चिखल आणि फोर व्हील ड्राइव्ह

फोर व्हील ड्राइव्ह असली की गाडी कुठेच अडकणार नाही, असा समज आहे. काळ्या मातीत तो फसवा ठरतो. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाके जागीच फिरतात. अशा रानात पावसाळ्यात ट्रॅक्टरला पर्याय नाही. कोकणातील जांभ्या दगडाच्या चढावर, सह्याद्रीच्या वाड्या-वस्त्यांवर, मुरमाच्या घसरड्या वाटेवर मात्र फोर व्हील ड्राइव्ह आणि तिचा हळू गिअर खरोखर उपयोगी पडतो.

तुमच्या वाटेवर वर्षातून चार-सहाच दिवस गाडी अडकत असेल तर त्यासाठी लाखो रुपये घालण्याआधी पाणंदीवर चार ट्रॉल्या मुरूम टाकून पाहा. रिकामी पिकअप चिखलात लवकर फसते कारण मागच्या चाकांवर वजन नसते. हौद्यात मागच्या चाकांच्या वर चार-पाच पोती बांधून ठेवली की पकड सुधारते. थार, जिम्नी, कॅम्पर अशा गाड्यांत फोर व्हील ड्राइव्ह हाताने लावावी लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून चालवू नका, वळताना गिअरच्या भागांवर ताण येऊन ते खराब होतात.

आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, थांबा. दोन फूट वाहते पाणी एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा वाहून नेऊ शकते.

हौद्यात माणसे बसवू नका

पिकअप घेतली की पहिल्याच महिन्यात हा प्रसंग येतो. केबिनमध्ये दोघे-तिघे, आणि मजूर बाया किंवा घरची मंडळी मागे हौद्यात. शेत तर दोनच किलोमीटरवर आहे, असे आपण म्हणतो. पण हौद्यात धरायला काही नसते, पट्टा नसतो, आणि रिकाम्या हौद्याची उसळी किती असते हे वर पाहिलेच. एका खड्ड्यात किंवा वळणावर माणूस बाहेर फेकला जातो.

विम्याचाही प्रश्न आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला जातो. हौद्यातून फुकट किंवा पैसे देऊन जाणारा प्रवासी धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ पासूनच्या निकालांत हे स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो, आणि विमा कंपनीने आधी पैसे दिले तरी ती ते मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघातात जीव जातो आणि त्यापाठोपाठ जमीनही जाऊ शकते.

म्हणून तुमच्याकडे रोज सहा-सात मजुरांची ने-आण असेल तर तो खर्च गाडी निवडतानाच धरा. सात आसनी एसयूव्ही घेऊन माल भाड्याच्या पिकअपने पाठवणे, किंवा डबल केबिन घेऊन दोन फेऱ्या करणे, यापैकी एक मार्ग आधीच ठरवा.

पासिंग, परवाना आणि कर

- मालवाहू पिकअपला पिवळी पाटी असते. नव्या गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते.
- एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ मधून परमिटची सूट आहे. त्याहून मोठ्या पिकअपला परमिट लागते.
- हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७५०० किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. पिकअपसाठी वेगळा परवाना लागत नाही.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. चार मीटरपर्यंत लांब आणि १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या डिझेल मोटारींवरही १८ टक्के, त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के. म्हणून बोलेरो १८ टक्क्यांत बसते, तर मोठ्या इंजिनाची फोर व्हील ड्राइव्ह थार ४० टक्क्यांत जाते.
- पांढऱ्या पाटीच्या एसयूव्हीतून दुसऱ्याचा माल भाड्याने नेऊ नका. परवान्याची आणि विम्याची, दोन्ही अडचणी येतात.

औषधे, खते आणि केबिन

एसयूव्हीत माणसे आणि सामान एकाच हवेत असतात. कीटकनाशकाची बाटली सांडली तर वास महिनाभर जात नाही आणि लहान मुलांना त्याचा धोका असतो. कीटकनाशके अन्नपदार्थ किंवा जनावरांच्या खाद्याला लागतील अशा रीतीने नेण्यास नियमानेच मनाई आहे. एसयूव्ही किंवा ऑफ-रोड गाडी घेतली तर झाकणाची मजबूत प्लॅस्टिक पेटी ठेवा आणि औषधे आणायच्या दिवशी मुलांना सोबत नेऊ नका. पिकअपमध्ये ही अडचण कमी, पण औषधाच्या खोक्याशेजारी पेंडीचे पोते तिथेही ठेवू नका.

कंबर सांभाळा

गाडीच्या सततच्या हादऱ्यांचा सर्वांत जास्त ताण मणक्यावर येतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. दिवसा ट्रॅक्टर आणि रात्री रिकामी पिकअप असा वापर असेल तर सीटकडे पैसे वाचवू नका. कंबरेला आधार देणारी सीट बसवून घ्या, शॉकअप गळू लागले की लगेच बदला आणि तासाभराने पाच मिनिटे उतरून चाला. लांबून गाडी चालवत आल्यावर लगेच कॅरेट उचलू नका, हादऱ्यांनी थकलेल्या कंबरेत चमक भरण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. गरोदर महिलेला रिकाम्या पिकअपमधून खराब रस्त्याने नेणे टाळावे.

चाचणी फेरी अशी घ्या

१. विक्रेत्याला सांगून गाडी तुमच्या पाणंदीवर आणा. शोरूमसमोरची फेरी मोजू नका.
२. पिकअप दोनदा चालवा: एकदा रिकामी आणि एकदा पाचशे किलो पोती टाकून.
३. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या सीटवर चढायला आणि उतरायला सांगा.
४. स्वतः अर्धा तास मागच्या सीटवर बसा, दुसऱ्याला चालवू द्या.
५. अरुंद जागेत गाडी वळवून पाहा. किती वेळा मागे-पुढे करावे लागते ते मोजा.
६. हौद्याची उंची कमरेशी मोजा. दिवसाला पन्नास कॅरेट तेवढ्या उंचीवर चढवायची आहेत.

कोणी काय निवडावे

- आठवड्यात तीन किंवा अधिक दिवस माल भरून जाणारा शेतकरी: सिंगल केबिन पिकअप. घरासाठी दुचाकी किंवा जुनी छोटी मोटार वेगळी ठेवावी.
- हंगामातच माल, बाकी वर्षभर घरचा वापर: बोलेरोसारखी एसयूव्ही आणि हंगामात भाड्याची पिकअप.
- माल आणि मजूर रोज बरोबर: डबल केबिन पिकअप.
- डोंगराळ, पावसाच्या भागातले आणि मालासाठी वेगळी सोय असलेले: ऑफ-रोड गाडी, शक्यतो पाच दारी.
- कृषी विस्तार कर्मचारी आणि कृषी विज्ञान केंद्रे: दिवसभर गावोगाव फिरणे, चार-पाच माणसे आणि थोडे साहित्य असा वापर असल्याने मागे कॉइल स्प्रिंग असलेली एसयूव्ही. प्रात्यक्षिकाचे बियाणे-खते एकदाच पिकअपने पोहोचवावीत.
- शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट: गटाची एक पिकअप वर्षभर भरून फिरली तर प्रत्येकाला स्वतःची घेण्याची गरज राहत नाही.

गाडी घरासमोर उभी असताना सगळ्याच चांगल्या दिसतात. तुमच्या वहीत भरलेल्या फेऱ्या जास्त आहेत की रिकाम्या, ते पाहा आणि जे दिवस जास्त, त्यांच्यासाठी गाडी घ्या. उरलेल्या दिवसांची सोय भाड्याने होते.